चापाची नथ आणि '28 नंबर' तार: परत आलेल्या नऊ नथींचे प्रकरण

तारेने बांधलेल्या दागिन्यात झाळकाम नसते, गोंद नसतो, साचाही नसतो. मोती जागेवर राहतो तो फक्त तारेच्या ताणामुळे आणि वेढ्यांच्या पकडीमुळे. म्हणून या कामात दोन मापे आधी हातात हवीत, तारेची जाडी आणि मोत्याच्या भोकाचा व्यास, आणि दोन्ही मिलिमीटरमध्ये. ती अंदाजाने धरली की काय काय बिघडते, हे एका ऑर्डरवरून तपशिलात पाहता येते.

घरगुती पातळीवर दागिने करणाऱ्या तीन बायकांच्या गटाकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी 24 नथींची ऑर्डर आली. सगळ्या चापाच्या, म्हणजे नाक न टोचलेल्यांसाठी. नमुन्याची नथ मंडळाला पसंत पडली, पाच आठवड्यांत माल पोचला आणि शोभायात्रा झाल्यावर नऊ नथी परत आल्या. चार नथींत मधल्या फुलातला मोती फुटला किंवा पडला होता. तिघींचा चाप सैल होऊन नथ नाकावरून घसरत होती. एकीच्या नाकावर हिरवा डाग पडला. एका नथेचे मोती पूर्ण निस्तेज झाले होते. हे प्रकरण नमुन्यादाखल मांडले आहे. घरोघरी नथी करणाऱ्या गटांमध्ये हेच दोष याच कारणांनी पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते एका ऑर्डरभोवती एकत्र आणले आहेत.

नथ कशी बांधली होती

जुन्या मोत्याच्या नथी सोन्याच्या तारेत गुंफलेल्या असत. बसरा मोती, मध्ये लाल खडा, बाजूला हिरवा. बानू, कारवारी, ब्राह्मणी असे घाट वेगळे, पण मोती तारेने बांधायचा हे तत्त्व एकच. मंगळसूत्र किंवा तन्मणी पटवेकऱ्याकडून रेशमाच्या दोऱ्यात गाठवून घेतात, तिथे दोरा लवचिक राहिलेला चालतो. नथेला स्वतःचा आकार धरून ठेवावा लागतो, म्हणून तिथे तार.

या ऑर्डरचा घाट साधा होता. 20 नंबरच्या तारेची चंद्रकोरीसारखी कमान, हा सांगाडा. कमानीच्या बाहेरच्या कडेला 4 मिमीचे 7 गोड्या पाण्यातले मोती. मधोमध फूल: 5 मिमीचा लाल काचमणी आणि त्याच्याभोवती 3 मिमीचे 8 मोती. बांधायला 28 नंबरची सोनेरी मुलाम्याची तांब्याची तार, एका नथेला साधारण 60 सेंमी. सांगाड्याचेच एक टोक इंग्रजी यू अक्षरासारखे वळवून नाकपुडीवर बसणारा चाप केलेला होता.

फूल कसे विणले होते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा निदानाचा धागा तिथेच आहे. 25 सेंमी तारेत आठ मोती ओवून मध्यावर आणायचे. उजवे टोक पहिल्या मोत्यातून पुन्हा त्याच दिशेने काढायचे, की वर्तुळ बंद होते. तेच टोक आता पहिल्या आणि दुसऱ्या मोत्याच्या मधून बाहेर आलेले असते. ते लाल मण्यातून ओवून समोरच्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या मोत्याच्या मध्ये न्यायचे आणि पाचव्या मोत्यातून मागे काढायचे. आता एक टोक आठव्या-पहिल्याच्या मध्ये आणि दुसरे बरोबर त्याच्या समोर, चौथ्या-पाचव्याच्या मध्ये असते. दोन्ही टोके मागे नेऊन फूल सांगाड्याला बांधायचे.

म्हणजे आठपैकी सहा मोत्यांतून तार एकदाच जाते. पहिल्या आणि पाचव्या मोत्यातून ती दोनदा जाते.

नमुना टिकला, माल का फुटला

परत आलेल्या चार नथींत फुटलेला मोती कोणता, हे मागून टोके शोधून मोजले तर उत्तर एकच येत होते: पहिला किंवा पाचवा. बाकीच्या सहांपैकी एकही नाही. मोती हलका आहे, मोती जुना आहे, गर्दीत धक्का लागला, असे कोणतेही स्पष्टीकरण इथे टिकत नाही. धक्क्याने फुटले असते तर बाहेरच्या कमानीतले आधी फुटले असते.

नमुन्याची नथ मात्र त्याच पद्धतीने, त्याच मोत्यांची केलेली आणि वर्षभर वापरलेली होती. फरक होता तारेच्या रिळात. नमुना आधी ऑनलाइन मागवलेल्या रिळातून केला होता. ऑर्डरसाठी तार स्थानिक बाजारातून घेतली. दोन्ही रिळांवर '28' एवढेच छापलेले होते.

गेजच्या, म्हणजे तारेच्या जाडीला दिलेल्या नंबराच्या, दोन मोजण्या आपल्याकडे एकाच दुकानात सुखाने नांदतात. मोटर वाइंडिंगच्या आणि धातूच्या दुकानांत नंबर ब्रिटिश मोजणीचा, म्हणजे एसडब्ल्यूजी. छंदाच्या सामानाची बहुतेक तार अमेरिकन मोजणीने, म्हणजे एडब्ल्यूजीने येते. एडब्ल्यूजी 28 ची जाडी 0.32 मिमी आहे. एसडब्ल्यूजी 28 ची 0.376 मिमी. हाताला फरक जाणवत नाही. पण तार दोनदा काढायची असेल तर 0.32 च्या दोन तारांना 0.64 मिमीचे भोक लागते, 0.376 च्या दोन तारांना 0.75 मिमीचे. या 3 मिमी मोत्यांचे भोक 0.7 मिमीच्या आसपास होते. नमुन्याची तार सहज गेली. ऑर्डरची तार गेली नाही. ती पक्कडीने ओढून घालावी लागली. काही मोती कोरडे असतानाच रीमरने भोके मोठी केली गेली. मोत्याचे पापुद्रे भोकाच्या कडेला सर्वांत कमकुवत असतात. तिथे केसासारखी चीर पडली, त्या दिवशी दिसली नाही, आणि नाकावर दोन तास नथ हलल्यावर मोत्याचे दोन तुकडे झाले.

हाच गोंधळ सांगाड्याच्या तारेतही होता. एडब्ल्यूजी 20 म्हणजे 0.81 मिमी, एसडब्ल्यूजी 20 म्हणजे 0.91 मिमी. त्यातून झालेला गैरसमज पुढे चापाच्या भागात येईल.

स्थानिक दुकानातून घ्यायची तर एडब्ल्यूजी 28 ऐवजी एसडब्ल्यूजी 30 मागावी (0.315 मिमी) आणि एडब्ल्यूजी 20 ऐवजी एसडब्ल्यूजी 21 (0.81 मिमी). त्याहून चांगले म्हणजे नंबर विचारूच नये, जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. मायक्रोमीटर नसला तरी घरी तपासता येते: तार पेन्सिलीवर एकाला एक चिकटून 20 वेढे गुंडाळा आणि वेढ्यांची रुंदी पट्टीवर मोजा. 6.4 मिमी भरली तर तार 0.32 ची, 7.5 भरली तर 0.376 ची. एवढी तपासणी रीळ उघडताना झाली असती तर चार नथी वाचल्या असत्या.

भोक तपासायला 0.7 मिमीचे ड्रिल बिट ठेवावे. नुसत्या बोटांनी, न फिरवता ते मोत्यातून आरपार गेले पाहिजे. एखाद-दुसरा मोती अडला तर हिऱ्याच्या टोकाच्या रीमरने, मोती पाण्यात ओला ठेवून, अर्धे या बाजूने आणि अर्धे त्या बाजूने घासावे. पूर्ण माळेचे मोतीच अडत असतील तर रीमर हातात घेऊ नये. तार बदलावी.

एका मोत्याने मान वर काढली तर

चारपैकी एका नथेत मोती फुटण्याबरोबर फूलही सपाट बसत नव्हते. एक मोती वर उचललेला दिसत होता. विणणाऱ्या हाताचा दोष म्हणून असे फूल उसवून पुन्हा विणतात आणि ते पुन्हा तसेच होते, कारण दोष भूमितीचा आहे.

5 मिमी मण्याभोवती आठ मोती सपाट बसायचे असतील तर प्रत्येक मोती जास्तीत जास्त 3.1 मिमीचा चालतो. मोती 3.3 चा असेल तर वर्तुळात एकूण सुमारे 1 मिमी जागा कमी पडते आणि आठवा मोती वर ढकलला जातो. उलट मोती 2.8 चा असेल तर एकूण दीड मिमी मोकळी जागा राहते, फूल ढिले पडते आणि मोती एकमेकांवर घासतात. बाजारात माळेवर '3 ते 3.5 मिमी' असे लिहिलेले असते. नथेच्या फुलासाठी ही मर्यादा फार मोठी आहे. कॅलिपरने मोजून 2.9 ते 3.1 चे मोती फुलाला काढावेत. मोठे निघालेले फेकायचे नाहीत: मधला मणी 5.3 मिमीचा मिळाला तर 3.3 चे आठ मोती त्याच्याभोवती नेमके बसतात. नाहीतर ते कुड्यांना ठेवावेत. सात मोत्यांच्या कुडीत मधला आणि भोवतीचे सहा असे सगळे एकाच मापाचे लागतात. माप कोणतेही चालते, फक्त सारखे हवे.

चाप

तीन सैल चाप. इथे गटातल्या बायकांचा तर्क असा होता की जाड तार जास्त घट्ट धरते, आणि ऑर्डरची तार तर नमुन्यापेक्षा जाड होती, मग चाप सैल का?

जाडी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑर्डरची तार नरम केलेली तांब्याची होती, कारण तीच वळवायला सोपी. नरम तांबे वाकवले तिथेच राहते, परत उसळत नाही. नथ घालताना यू थोडा उघडतो, काढताना पुन्हा उघडतो, आणि प्रत्येक वेळी थोडा उघडाच राहतो. दहा-बारा वेळा घातल्यावर फट नाकपुडीपेक्षा मोठी होते. मग बोटांनी दाबून घट्ट करतात. ते दाबणे कधी जास्त होते, नाक दुखते, आणि वारंवार त्याच जागी वाकलेली तार शेवटी तुटते. नमुन्याचा चाप टिकला होता, कारण तो करताना सांगाडा लोखंडी ठोकळ्यावर नायलॉनच्या हातोडीने ठोकून घेतला होता. तांबे ठोकले की कडक होते. 24 नथींच्या घाईत ही पायरी गळून गेली.

आमच्या मते चापाच्या नथेला तांब्याचा सांगाडा वापरूच नये, ठोकूनसुद्धा. 925 चांदीची (म्हणजे 92.5 टक्के चांदी असलेली) अर्धकडक तार, 0.8 मिमी, हा योग्य पर्याय आहे. खर्चाची भीती वाटते, पण हिशेब करून पाहावा. एका नथेला 80 मिमी तार लागते, तिचे वजन सुमारे 0.42 ग्रॅम. 24 नथींना वाया जाणारी धरून 2.1 मीटर, म्हणजे अकरा ग्रॅमच्या आसपास चांदी. त्या दिवसाच्या भावाने गुणून पाहिले की नऊ नथी परत घेण्यापेक्षा हे स्वस्त आहे, हे लगेच दिसते. कडक ओढलेली पितळी तारही चांगली उसळते आणि आणखी स्वस्त पडते, पण पितळेत तांबे आहेच आणि ते घामाने डाग देते. जर्मन सिल्व्हर टाळावे. नावात चांदी असली तरी तो तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे आणि निकेलची ॲलर्जी असणारीचे नाक त्याने सुजते. युरोपात त्वचेला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल झिरपू शकते यावर कायद्याने मर्यादा आहे. आपल्या बाजारात ही जबाबदारी बनवणाऱ्याने स्वतःच घ्यावी.

चांदीचा चाप करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. अर्धकडक तार जितकी कमी वेळा वाकवाल तितकी चांगली, म्हणून आकार आधी कागदावर काढून घ्यावा आणि तार त्यावर ठेवून एका वळणात आणावी. दुसरी गोष्ट टोकाची. नाकपुडीच्या आत बसणारे टोक बोचू नये म्हणून काही जण टॉर्चने वितळवून त्याची गोळी करतात. दिसायला सुबक, पण त्या आचेने टोकाजवळची तार नरम पडते आणि चापाची उसळच जाते. त्यापेक्षा टोकाचे 14 मिमी चकलीसारखे सपाट गुंडाळावे. 4 मिमी रुंदीची ही चकती आतून टेकते, दाब पसरतो आणि नाकाला ठिपका पडत नाही. चकतीचे कापलेले टोक बारीक कानशीने गोल करून चकतीच्या मध्यात लपवावे.

यूची फट 2 मिमी ठेवून पाठवावी. नाकपुडीची जाडी प्रत्येकीची वेगळी, त्यामुळे शेवटचे बसवणे समोर बसवूनच होते. मंडळाची ऑर्डर असेल तर शोभायात्रेच्या दोन-तीन दिवस आधी सगळ्यांना एकत्र बोलावून चाप बसवून द्यावेत. हे काम तासाभराचे आहे.

हिरवा डाग आणि निस्तेज मोती

हिरव्या डागाची नथ पाहिली तर चापाच्या वळणावर सोनेरी मुलामा खरवडलेला होता. दात्यांच्या पक्कडीने तार धरली की मुलाम्यावरचा लॅकर सोलला जातो. आतले तांबे उघडे पडते आणि घामातले क्षार त्याला लागतात. चैत्राच्या उन्हात नऊवारी नेसून, ढोल-ताशांच्या मागे चार तास चालणारीच्या नाकावर किती घाम येतो, ते वेगळे सांगायला नको. कापलेली टोकेही उघडीच असतात. त्यावर नेलपॉलिश लावण्याचा उपाय सर्रास होतो, पण नाकाच्या आतल्या ओल्या जागी तो टिकत नाही. सांगाडा चांदीचा केला की हा प्रश्न फारसा उरत नाही. सोनेरी रंग हवाच असेल तर चांदीच्या सांगाड्यावर सोन्याचे पाणी चढवून घ्यावे. पाणी आधी चढवायचे, मोती नंतर बांधायचे. बांधलेली नथ मुलाम्याच्या रसायनात बुडवली तर मोती खराब होतात. बांधणीची तार त्वचेला फारशी लागत नाही, ती मुलाम्याच्या तांब्याची चालते. मात्र ती नायलॉन तोंडाच्या पक्कडीनेच धरावी.

निस्तेज मोत्यांची नथ बनवणाऱ्यांच्या चुकीची नव्हती. मालकिणीने ती चिंचेच्या कोळाने घासली होती, जशी घरातली तांब्या-पितळेची भांडी घासतात. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोणतेही आम्ल त्याला खाते, आणि वरचा तकाकीचा थर एकदा गेला की परत येत नाही. चांदी उजळवायचे बाटलीतले द्रावण मोत्यांना तितकेच घातक, आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात. नथेबरोबर सूचनेची चिठ्ठी नव्हती. ती असती तर ही नथ वाचली असती, म्हणून आम्ही हा दोषही बनवणाऱ्यांच्या यादीतच धरतो.

डावी की उजवी

नऊ नथींच्या यादीत नसलेला एक दोष माल देण्याआधीच सापडला होता. दोन नथी उलट्या झाल्या होत्या. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात, त्यामुळे नथेला डावे-उजवे असते. फूल मागून बांधताना सांगाडा पालथा ठेवतात, आणि पालथ्या सांगाड्यावर कमान कोणत्या बाजूला वळली आहे हे डोळा चुकवते. कागदावरच्या आकृतीवर 'समोर' आणि 'मागे' अशा दोन आकृत्या शेजारी शेजारी काढून ठेवल्या आणि प्रत्येक टप्प्याला नथ त्यावर ठेवून पाहिली की हे टळते. सांगाड्याला पहिला वेढा घालण्याआधी आतल्या बाजूला मार्करचा ठिपका देण्याची सवयही उपयोगी पडते.

काय दुरुस्त करायचे, काय नव्याने करायचे

फुटलेले मोती बदलून चार नथी परत देता आल्या असत्या. तसे करू नये. चीर बाहेरून दिसत नाही, म्हणजे न परतलेल्या पंधरा नथींतही पहिला आणि पाचवा मोती त्याच जाड तारेने ताणलेला आहे. पुढच्या लग्नात त्यातला एखादा फुटेल आणि ती नथ परत येणार नाही, फक्त ऑर्डर येणार नाही. गटाने सगळ्या 24 परत मागवून फुले आणि सांगाडे बदलणे, हाच निर्णय बरोबर. गोंदाने मोती चिकटवण्याचा पर्यायही नाकारावा. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो, त्याची पांढरी धूळ मोत्यावर बसते, आणि पुढे कधी नथ उसवायची झाली तर भोक कायमचे बुजलेले असते.

जुनी फुले उसवताना तार ओढून काढायची नाही. ती वळून वळून कडक झालेली असते आणि बाहेर येताना भोकाची कड फोडते. कटरने मोत्यांच्या मधून छाटून तुकडे सरळ बाहेर काढावेत. निघालेली तार पुन्हा वापरू नये, एकदा वळलेली बारीक तार दुसऱ्यांदा वळताना तुटते. पहिले आणि पाचवे मोती बाजूला काढून टाकावेत. बाकीचे भिंगाखाली भोकाच्या कडा पाहून चालवता येतात.

24 नथी नव्याने करायला लागणारे सामान असे. 4 मिमीचे मोती 168, दहा टक्के जास्त धरून 185. 40 सेंमीच्या माळेत साधारण 100 बसतात, म्हणजे दोन माळा. 3 मिमीचे 192, पण माप लावल्यावर बरेच गळतात, म्हणून 130 च्या आसपास मोती असलेल्या दोन माळा घेऊन आधी मोजावे आणि कमी पडले तर तिसरी आणावी. 5 मिमीचे लाल मणी 26. बांधणीची 0.32 मिमी तार 14.4 मीटर, वाया जाणारी धरून साडेसतरा. चांदीची तार 2.1 मीटर. पुरी नथ दोन ग्रॅमच्या आत येते. एवढ्या वजनाला 0.8 मिमीचा चाप आरामात धरतो. पण कोणी 4 ऐवजी 6 मिमीचे काचमोती मागितले तर प्रत्येक मोत्याचे वजन तिप्पट होते आणि नथ खाली झुकते. अशा वेळी मोत्यांची संख्या कमी करावी, चाप जास्त आवळू नये.

बांधणी सांगाड्यापासून सुरू होते. 80 मिमीपैकी 34 मिमी कमानीला, 6 मिमी पुढच्या टोकाच्या वळणाला, उरलेले 40 मिमी यू आणि चकतीला. 35 सेंमी तार घेऊन कमानीच्या सुरुवातीला चार घट्ट वेढे घालायचे. मग एक मोती, सांगाड्याला दोन वेढे, पुढचा मोती, दोन वेढे, असे सात मोती आणि शेवटी चार वेढे. मोती कमानीच्या बाहेरच्या कडेलाच राहायला हवेत. प्रत्येक मोत्यानंतर तार ओढून ताण द्यायचा, सगळे झाल्यावर एकदम ओढून उपयोग नाही. ताण किती? मोती बोटाने फिरवला तर फिरावा, सरकवला तर सरकू नये. मोती फिरतही नसेल तर तार भोकाच्या कडेवर कापत आहे.

फूल आधी सांगितल्याप्रमाणे वेगळे विणून घ्यावे. त्याची दोन्ही टोके समोरासमोर येतात, म्हणून ते दोन जागी बांधता येते आणि फिरत नाही. एकाच जागी बांधलेले फूल हमखास गोल फिरते. प्रत्येक टोकाचे सांगाड्याला किमान तीन वेढे, त्यानंतर एक वेढा मोत्यांच्या मधल्या तारेवरून, आणि टोक मागच्या बाजूला छाटून पक्कडीने आत दाबावे. छाटताना कटरची सपाट बाजू दागिन्याकडे ठेवली की टोक बोथट येते. तारेला पक्कडीचा घाव पडला असेल तर ती नथ पुढे नेऊ नये. घावाच्या जागी तार तुटतेच, फक्त वेळ लागतो. साड्यांच्या पदराला अडकणाऱ्या नथी याच न दाबलेल्या टोकांमुळे अडकतात, म्हणून शेवटी नथ पातळ ओढणीवर मागून-पुढून फिरवून पाहावी. एक धागा जरी ओढला गेला तरी टोक शोधून दाबावे.

सराव झालेल्या हाताला एक नथ पाऊण ते एक तास घेते. मोती मोजणे, चाळणे आणि भोके तपासणे हे त्यात धरलेले नाही, आणि बहुतेक गट किंमत लावताना हेच काम विसरतात. 24 नथींच्या मोत्यांना माप लावायला एका व्यक्तीचा अर्धा दिवस जातो. तो मजुरीत मांडलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी तो घाईत वगळला जातो.

माल देण्याआधीच्या तपासण्या तीन. चाप वीस वेळा उघडून मिटवावा आणि फट आधी-नंतर कॅलिपरने मोजावी, 0.3 मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर सांगाडा बदलावा. मग 3 मिमीच्या फोम शीटच्या कडेला नथ लावून हलवून पाहावी, ती घसरू नये. शेवटी फुलातला पहिला आणि पाचवा मोती भिंगाखाली दोन्ही बाजूंनी पाहावा.

डबीत कापसाच्या वर ठेवायची चिठ्ठी छोटी पुरते: अत्तर, पावडर, हेअरस्प्रे आधी, नथ शेवटी. काढल्यावर मऊ सुती कापडाने कोरडी पुसावी. पाण्यात भिजवू नये, भोकांत पाणी राहते. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदीचे द्रावण लावू नये. चाप सैल वाटला तर स्वतः न दाबता परत आणावा.

आणि रीळ घरात आले की त्याच दिवशी वीस वेढ्यांची तपासणी करून जाडी मिलिमीटरमध्ये मार्करने रिळावर लिहावी, छापील नंबर खोडून. संपत आलेल्या रिळातून नमुना करायचा असेल तर आधी ऑर्डरपुरती तार त्याच जाडीची मिळते की नाही ते पाहावे, आणि मगच मंडळाला नथ दाखवायला न्यावी.